सतरा किलोमीटरवरचा डबा

ऑफिसचं शटर अजून अर्धंच वर गेलं होतं, तेवढ्यात ताईचा फोन वाजला. स्क्रीनवर टेकडीवरच्या काकूंचं नाव होतं. या काकू नात्याने तिच्या कुणी नव्हत्या. पण त्यांच्या गच्चीवर गावातला सगळ्यात उंच खांब उभा होता, आणि त्या खांबावर ताईचा सगळा धंदा टांगलेला होता. त्यामुळे सख्ख्या काकूला मिळाला नसता एवढा मान त्यांना मिळायचा.

"काल माझी मालिका किती वेळा अडकली, ठाऊक आहे तुला?" काकूंनी नमस्कार-चमत्कार न करता सुरुवात केली. "ती बाई दार उघडायला गेली ती गेलीच. हात कडीवर आणि तोंड उघडं. दारात कोण आहे ते मला अजून कळलेलं नाही!"

"काकू, मी बघते..."

"तू गेला महिनाभर बघतेच आहेस. तुझा भाऊही बघतोय. तुम्ही दोघं बघताय, फक्त मलाच काही बघायला मिळत नाहीये. आता नीट ऐक. माझ्या गच्चीवर तुमचे दोन डबे आहेत. आज संध्याकाळपर्यंत हे अडकणं थांबलं नाही, तर माझा जावई शिडी लावून त्यातला एक खाली उतरवणार. कुणाचा, ते तुमचं तुम्ही ठरवा. नाही ठरवलंत तर त्याच्या हाताला जो आधी लागेल तो!"

फोन बंद झाला. ताई अर्ध्या शटरखाली वाकून उभीच राहिली.

डबा म्हणजे बेस स्टेशन. पांढरा, चपटा, वर काळपट अँटेना असलेला. गावातल्या अडीचशे घरांच्या छपरांवर त्याच्याकडे तोंड करून बसलेल्या छोट्या छोट्या डिश होत्या, आणि घराघरातलं इंटरनेट हवेतून त्या एका डब्याशी बोलून चालत होतं. डबा खाली आला की दुसऱ्या दिवशी अडीचशे घरं दुसरीकडे जाणार. मग शटर वर करायचं ते फक्त आतली झुरळं बघायला.

दोन वर्षांपूर्वी हे असं नव्हतं. डबा एक होता आणि धंदाही एकच होता. तो उभा केला अण्णांनी, म्हणजे ताईच्या वडिलांनी. ताई आणि तिचा धाकटा भाऊ छोट्या, दोघं त्यांच्या हाताखाली शिकले. मग भांडण झालं. कशावरून, हे आज दोघांना विचारलंत तर दोघंही दोन वेगळी कारणं सांगतील आणि दोन्ही खोटी निघतील. निमित्त एवढंच झालं की छोट्याने न विचारता नवी मशिनरी मागवली आणि ताई चार गिऱ्हाइकांसमोर त्याला वाट्टेल ते बोलली. बाकी सगळं आधीच साठलेलं होतं. वाटण्या झाल्या. जुना डबा आणि जुनी गिऱ्हाइकं ताईकडे आली. छोट्याने आपला नवा डबा त्याच खांबावर, जुन्याच्या हातभर खाली बसवला. ऑफिसची मात्र वाटणी करता येईना, म्हणून मधोमध प्लायवूडची भिंत घातली. छपरापर्यंतसुद्धा नाही, डोक्याच्या थोडी वर. तो खोकला तर इकडे ऐकू यायचं. तिने कपात साखर ढवळली तर तिकडे. आणि दोन वर्षं एकमेकांशी अक्षर नाही!

अण्णांनी हे सगळं खुर्चीत बसून पाहिलं. भिंतीचा शेवटचा खिळा ठोकून झाला तसे ते उठले. "तुम्ही दोघं एका तोंडाने बोलाल तेव्हाच मला तोंड दाखवा," एवढंच म्हणाले आणि दरीपलीकडच्या शेतावर राहायला गेले.

त्या शेतावर मोबाइलला रेंज नव्हती. होती ती अण्णांनी पूर्वी हौसेने छपरावर लावलेली डिश, आणि तिला जोडलेला एक टेबलावरचा फोन. तसाच दुसरा पिवळा फोन ताईच्या टेबलावर होता. अण्णा गेले त्या आठवड्यातच एका सकाळी ताईच्या स्क्रीनवरून त्यांची डिश दिसेनाशी झाली.

"म्हाताऱ्याने प्लग काढला," ताई तेव्हा मोठ्याने म्हणाली होती. पलीकडे ऐकू जावं म्हणूनच मोठ्याने म्हणाली होती. "आपलं तोंड बघायचं नाही म्हणाले, आता आवाजही नको झालाय."

मग तिनेही हट्ट धरला. नको तर नको. दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर शेताकडून यायचा, त्याला ती जाता येता विचारायची, "आहेत ना बरे?" तो म्हणायचा, "आहेत की! झाडं लावतायत." एवढ्यावर तिने दोन वर्षं काढली. पिवळ्या फोनवरची धूळ मात्र ती रोज पुसायची, आणि पुसताना रोज चिडायची.

तर त्या सकाळी ताईने पदर खोचला आणि लॅपटॉपसमोर बसली. बसली म्हणजे काय, टेकली. दोन मिनिटांनी उठली. पाणी प्यायली. परत बसली. बेस स्टेशनचं पान उघडलं आणि फ्रिक्वेन्सी एक पायरी वर सरकवली. पाचच मिनिटं बरी गेली. मग तक्रारींचे फोन सुरू. तिने ती दोन पायऱ्या खाली आणली. तेवढ्यात पलीकडून कीबोर्डची खडखड ऐकू आली आणि पुन्हा सगळं अडकलं. तोही सरकवत होता! बोळातून समोरासमोर येणारी दोन माणसं एकमेकांना वाट द्यायला एकाच बाजूला सरकतात ना, तसं महिनाभर चाललं होतं. फक्त इथे वाट कुणी देत नव्हतं, दोघंही वाट शोधत होते.

तिने पॉवर वाढवली. तिची गिऱ्हाइकं सुखावली असतील नसतील, पण पलीकडे छोट्याच्या बाजूचे तीन फोन एकदम वाजले. तिला क्षणभर बरं वाटलं. मग त्यानेही पॉवर वाढवली, आणि तिचे पाच वाजले.

"नेट गेलंय ओ ताई!"

"आलंय का ताई?"

"आलं होतं, गेलं परत. तुम्ही काय करताय तिथे बसून?"

काय करणार? बोटं मोडत होती. दुपार झाली तरी तिने जेवणाचा डबा उघडून घास खाल्ला नव्हता. टेकडीवर तिने खारीला पाठवलं होतं. खार म्हणजे तिचा खांबावर चढणारा माणूस. पन्नाशीचा, पण खांबावर असा सरसर चढायचा की सगळं गाव त्याला खार म्हणायचं, आणि तोही फोनवर "खार बोलतोय" असंच सांगायचा.

"खार बोलतोय. ताई, वायरी, नट, पाणी शिरलेलं, सगळं बघितलं. डब्याला काही झालेलं नाही."

"मग?"

"मग काय, तुम्हाला माहीत आहे. आणि काकूंचा जावई आलाय. शिडी बघून ठेवलीय त्याने. आता जेवायला बसलाय, पण हावरट दिसत नाही. लवकर उठेल."

ताईला माहीत होतं. महिनाभरापासून माहीत होतं. छोट्याने महिन्यापूर्वी आपल्या डब्याचा पसारा वाढवला होता आणि तेव्हापासूनच हे सुरू झालं होतं. दोन डबे हातभर अंतरावर असले की फ्रिक्वेन्सी कितीही बदला, उपयोग शून्य. डबा थोडा वेळ बोलतो, थोडा वेळ ऐकतो, असं सेकंदात कित्येकदा चालतं. एक डबा लांबच्या घरांचं क्षीण उत्तर कान देऊन ऐकत असतो, तेव्हाच शेजारचा तारस्वरात बोलत असला तर त्याला काय कपाळ ऐकू येणार! उपाय एकच. दोघांनी एकाच वेळी बोलायचं आणि एकाच वेळी ऐकायचं. त्यासाठी दोन्ही डब्यांतले आकडे सारखे हवेत. अगदी सारखे. आणि आकडे सारखे करायचे म्हणजे ते एकमेकांना सांगायला हवेत.

ती उठली. खिडकीशी गेली, परत आली. भिंतीशी गेली. हात वर केला, खाली घेतला. "मी का आधी?" असं मनात म्हणाली. मग तिच्या डोळ्यांपुढे ताटावरून उठणारा जावई आला, आणि तिने प्लायवूडवर थाप मारली. जरा जोरातच मारली गेली. पलीकडचं कॅलेंडर खाली पडल्याचा आवाज आला.

कीबोर्ड थांबला.

"कोण आहे?" छोट्या म्हणाला.

"कोण असणार? चोर आहे! चोर थाप मारून येतात हल्ली."

मग खुर्ची सरकली.

"तुलाही फोन आला होता काकूंचा?" त्याने विचारलं. दोन वर्षांनी त्याने तिच्याशी बोललेलं हे पहिलं धड वाक्य. ताईने आवाज आणखी चढवला.

"आला होता. तुझे आकडे सांग."

"आधी तू सांग."

"मी मोठी आहे."

"म्हणूनच म्हणतो, आधी तू सांग."

तिने दात ओठ खाल्ले. पण सांगितलं. चॅनलची रुंदी दोघांची एकच निघाली, तिथे भांडायला जागा नव्हती. बोलायचा वेळ तिचा पंच्याहत्तर टक्के होता, ऐकायचा पंचवीस. त्याचा सत्तर आणि तीस.

"पंच्याहत्तर कर," ती म्हणाली.

"का? माझी दुकानं फोटो, हिशेब काय काय वर पाठवतात. त्यांना ऐकायला तीस लागतात."

"आणि माझी गिऱ्हाइकं दिवसभर सिनेमे बघतात, त्यांचं काय?"

"त्यांना म्हणावं, थोडं कमी बघा."

ताईला हसू आलं. ते तिने गिळलं. "बरं, सत्तर-तीस. घे, तुझं खरं. पुढे. अंतर माझं आठ. तुझं?"

"वीस."

"वीस?" ताई किंचाळलीच. "वेडा झालास? तुझं सगळ्यात लांबचं गिऱ्हाईक नदीपाशी आहे!"

"होतं. महिन्यापूर्वी खडीच्या खाणीचं काम मिळालं. अठरा किलोमीटर. पसारा वाढवला तो त्याच्यासाठीच."

आता हे अंतराचं प्रकरण काय, ते सांगायला हवं. डबा सगळ्यांना हाक मारतो आणि उत्तराची वाट बघतो. जवळच्या घराचं उत्तर लगेच येतं, लांबच्याचं जरा मागाहून. कितीही झालं तरी हवेतून यायला वेळ लागतोच. डब्यात जेवढं अंतर भरून ठेवलं असेल, तेवढ्या अंतरावरून उत्तर यायला लागेल तेवढाच वेळ तो थांबतो. त्यापेक्षा उशिरा आलेलं उत्तर त्याच्या लेखी आलेलंच नसतं. म्हणून अंतर कमी ठेवलं की थांबणं कमी, वेग जास्त. अंतर वाढवलं की प्रत्येक फेरीत सगळ्यांनी थोडं थोडं थांबायचं, त्या एका लांबच्यासाठी.

"तुझ्या एका खाणीसाठी माझ्या अडीचशे घरांनी थांबायचं?" ताई म्हणाली. "नाही जमणार. तू आठ कर."

"आठ केलं तर खाण गेली. ती गेली तर मी गेलो, ताई. नवी मशिनरी तिच्याच जिवावर आहे."

"ती मशिनरी कुणाला विचारून आणली होतीस?"

"आलीस? आलीस परत तिथेच?"

झालं! उखाळ्यापाखाळ्या निघाल्या. दोन वर्षं प्लायवूडच्या दोन्ही बाजूंना तुंबलेलं सगळं वरच्या फटीतून वाहू लागलं. तू आईच्या आजारपणात कुठे होतास, तू मला कधी माणसात धरलंस, तू अण्णांची लाडकी, तू अण्णांचा दिवटा. समोरचा न्हावी दुकानातून बाहेर येऊन उभा राहिला आणि गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालावरचा साबण वाळून गेला. मध्येच ताईचा फोन वाजला.

"खार बोलतोय. जावई उठला. शिडी लावतोय. ताई, तुमचा डबा वर आहे, त्याचा खाली. मला वाटतं खालचा आधी हाताला लागेल."

छोट्याचा डबा. वास्तविक तिला बरं वाटायला हवं होतं. तिने भिंतीकडे पाहिलं. पलीकडे तो जोरजोराने श्वास घेत होता, लहानपणी रडू दाबताना घ्यायचा तसा.

"जावयाला धर," ती खारीला म्हणाली. "बोलण्यात गुंतव, पाय धर, काय वाटेल ते कर. दहा-पंधरा मिनिटं दे मला." आणि भिंतीकडे वळून म्हणाली, "छोट्या, वीस. वीस तर वीस. माझी घरं थांबतील थोडी."

मग तो हळूच म्हणाला, "ताई, तू वाचतेस की मी वाचू?"

ही अण्णांची पद्धत होती. बेस स्टेशनचे आकडे बदलताना एकाने वाचायचं, दुसऱ्याने तोच आकडा परत म्हणायचा आणि मग दाबायचं. वाचणारा आणि दाबणारा एकच माणूस असता कामा नये, हा त्यांचा दंडक. एकटा माणूस स्वतःची चूक स्वतःला वाचून दाखवतो आणि खूश होतो, असं ते म्हणायचे. दुसरा दंडक म्हणजे आधी नेहमी 'चाचणी'चं बटण. नवे आकडे दहा मिनिटांपुरते लागतात. तेवढ्यात 'कायम करा' दाबलं नाही, तर डबा आपला आपण जुन्या आकड्यांवर परत जातो. दोन वर्षं ताई एकटीच वाचत होती आणि एकटीच दाबत होती. वाचायला माणूसच नव्हता ना!

"मी वाचते," ती म्हणाली. "बोलायचे सत्तर."

"सत्तर."

"ऐकायचे तीस."

"तीस."

"अंतर वीस."

"वीस. चाचणी?"

"चाचणी. माझ्या तीनवर. एक, दोन..."

दोघांनी एकदम दाबलं. ताईच्या स्क्रीनवरची सगळी हिरवी नावं एका दमात मावळली. अडीचशे घरं अंधारात. हा क्षण कितीही वेळा आला तरी तिचा जीव टांगणीलाच लागायचा. ती उभी राहिली, टेबलाच्या कडेवर बोटं वाजवू लागली. पलीकडे तोही बोटं वाजवत होता. अण्णांचीच खोड, दोघांनी अर्धी अर्धी उचललेली.

मग एक नाव आलं. मग चार. मग भराभर, पोतं फाटून दाणे सांडावेत तशी. फोन वाजले नाहीत. एकही नाही! खालच्या पट्टीतल्या चुका, ज्या महिनाभर लाल होऊन वर चढत होत्या, त्या शून्यावर बसल्या आणि तिथेच बसून राहिल्या.

"ताई, माझ्याकडे साफ आहे," छोट्या म्हणाला. "खाणसुद्धा."

"माझ्याकडेही."

त्याच्या बाजूचा फोन वाजला. काकूंचा आवाज भिंतीवरून इकडेपर्यंत आला. "अरे, दारात तिची नणंद होती! मी म्हटलंच होतं! जावयाला खाली बोलावते आता, उगाच उन्हात उभा आहे बिचारा."

छोट्या हसला. ताईही हसली, मोकळेपणाने, आणि हसता हसताच तिचं लक्ष स्क्रीनच्या अगदी तळाशी गेलं. यादी अंतराप्रमाणे लागायची, जवळची घरं वर. सगळ्यात खालचं घर तिला तोंडपाठ होतं. साडेसात किलोमीटरवरचं कुक्कुटपालन. पण आज त्याच्याही खाली एक ओळ होती.

मालक. सतरा किलोमीटर.

कोण मालक? तिच्याकडे मालक नावाचं गिऱ्हाईक नव्हतं. सतरावर तर कुणीच नव्हतं. तिला वाटलं छोट्याचंच कुणीतरी चुकून इकडे आलंय. पण तसं होत नाही. प्रत्येक डिशला आपल्या डब्याची खूण भरलेली असते, ती दुसऱ्या डब्याशी बोलतच नाही. म्हणजे ही डिश जुन्या डब्याची. घरची.

आणि मग तिला आठवलं. शेतावरची डिश बसवली तेव्हा नावाच्या रकान्यात काय लिहायचं म्हणून छोट्याने विचारलं होतं, आणि खिदळत लिहून टाकलं होतं: मालक. अण्णा लटकं रागावले होते आणि आठवडाभर गावभर सांगत सुटले होते.

ती खुर्चीत बसली ती बसलीच.

अण्णांनी प्लग काढलाच नव्हता. वाटणी झाली त्या आठवड्यात गिऱ्हाइकांनी वेगावरून तिला धारेवर धरलं होतं आणि एका संध्याकाळी, एकटीनेच, रागारागात तिने डब्यातले सगळे आकडे बदलले होते. तेव्हा अंतर वीसच होतं. तिने गिऱ्हाइकांचं बिल काढायचं पान उघडलं, सगळ्यात लांबचं बघितलं, साडेसात. म्हणून आठ भरलं. अण्णांना बिल नव्हतं. वडिलांना कोण बिल लावतं? त्यामुळे ते त्या पानावर नव्हतेच. आणि दुसऱ्या दिवशी डिश गेली तेव्हा तिने कालचा आकडा आठवलाच नाही. तिला राग आठवला. तो जास्त जवळ होता.

दोन वर्षं ती डिश रात्रंदिवस उत्तर देत होती, आणि हिचा डबा वेळ संपला म्हणून तोंड फिरवत होता.

"ताई?" छोट्या म्हणाला. "काय झालं? बोल ना. ताई?"

तो भिंतीला वळसा घालून, रस्त्यावरून तिच्या दारातून आत आला. दोन वर्षांत पहिल्यांदा. तिने नुसतं बोट दाखवलं. त्याने वाकून ती ओळ वाचली, मग तिच्याकडे पाहिलं, मग परत ओळीकडे.

"आठ," तो म्हणाला. त्यालाही समजावून सांगावं लागलं नाही. त्याच तालमीत वाढलेला.

ताईने पिवळा फोन ओढला. आकडा फिरवताना दोनदा बोट चुकलं. तिसऱ्यांदा घंटी वाजली आणि पहिल्याच घंटीला उचलला गेला, कुणी शेजारीच बसलेलं असावं तसा.

"हॅलो," अण्णा म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "दिवा लागला. आत्ताच बघत होतो. हिरवा लागला."

"अण्णा," ताई म्हणाली. "तुम्ही बंद नव्हतं केलं?"

"मी कशाला बंद करू? बॅटरीसुद्धा नवी घातली. रोज बघायचो. दिवे आपले इकडून तिकडे, इकडून तिकडे. शोधतोय, शोधतोय आणि सापडत नाही. मग म्हटलं, तू काढून टाकलंस मला. राग आहे पोरीचा. मीच तोंड दाखवू नका म्हणालो होतो, मग कुठल्या तोंडाने विचारू?"

ताईला हुंदका आवरला नाही. "मी नाही हो काढलं. मी अंतर कमी केलं. गिऱ्हाइकं मोजली आणि तुम्हाला मोजलंच नाही. अण्णा, मी तुम्हाला मोजलंच नाही."



"किती ठेवलं होतंस?"

"आठ."

"आठ," अण्णा म्हणाले. "वाचायला कोण होतं?"

"कुणी नव्हतं. मीच वाचलं, मीच दाबलं."

छोट्या तिच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. "मी असतो तर विचारलं असतं," तो म्हणाला. "आठ म्हटल्याबरोबर विचारलं असतं, 'आणि अण्णा?'" त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्याला सुचलंही नाही.

"तो कोण? छोट्या आहे तिथे?"

"आहे. इथेच उभा आहे, माझ्या शेजारी."

"शेजारी," अण्णा म्हणाले, जणू तोही एक आकडाच होता आणि तो परत म्हणून बघायला हवा होता.

एवढ्यात छोट्या ओरडला, "ताई, चाचणी! चाचणीच चालू आहे अजून!"

स्क्रीनच्या कोपऱ्यातलं घड्याळ उलटं पळत होतं. एका मिनिटाच्या आत आलं होतं. ते संपलं की डबा इमानेइतबारे आठवर परत जाणार आणि अण्णांचा आवाज अर्ध्या शब्दावर तुटणार. छोट्याचं स्वतःचं घड्याळही पलीकडे तसंच पळत असणार, पण तिकडे जायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही. ताईने माउसकडे हात नेला. डोळ्यांतल्या पाण्याने बटण दिसेना.

"तू दाबू नकोस," फोनमधून अण्णा म्हणाले, त्यांच्या जुन्या, ऑफिसातल्या आवाजात. "तू वाच. त्याला दाबू दे."

ताईने नाक पुसलं.

"अंतर," ती म्हणाली, "वीस."

"वीस," अण्णा म्हणाले.

"वीस," छोट्या म्हणाला, आणि त्याने दाबलं.